तिसऱ्या पडद्यावरचा चिमटा

त्या एका ड्युएटमधून फणीला एक खोली मिळणार होती. वरच्या मजल्यावरची, कोपऱ्यातली, दोन खिडक्यांची. मुख्य म्हणजे त्या खोलीचं दार लागत होतं. आतलं बाहेर जात नव्हतं, बाहेरचं आत येत नव्हतं. गिटार शिकवणाऱ्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही. सध्या तिचा वर्ग भरायचा तो संगीतशाळेच्या जिन्याखाली, मोडक्या खुर्च्या आणि पियानोचं फाटकं कव्हर यांच्या सोबतीनं. डोक्यावरून सतत कुणीतरी धपाधप चढत नाहीतर उतरत असायचं. गिटार मुळात लाजऱ्या आवाजाची. ‘इथे हळू वाजव’ असं ती मुलांना सांगायची खरी, पण हळू वाजवलेलं तिथे तिला स्वतःलाच ऐकू येत नसे.

संचालकबाईंचा व्यवहार सरळ होता. यंदाचा वार्षिक कार्यक्रम रोमँटिक काळातल्या संगीताचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या त्या उसाशांचा आणि हळव्या सुरांचा. “पियानो आहे, व्हायोलिन आहे. त्यांच्या शेजारी शोभेल असं गिटारवर काही करून दाखव, खोली तुझी. नाहीतर ड्रमचे सर केव्हाचे त्या खोलीवर डोळा ठेवून आहेत.” त्यांनी दोन गिटारींची एक जुनी रचनाही शोधून दिली, आणि दुसरी गिटार वाजवायला एक माणूसही.

त्या माणसाला या व्यवहारातून काहीही मिळणार नव्हतं. निदान सगळ्यांची तशी समजूत होती.

फणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणापासून ती कशावर ना कशावर फणफणलेली असायची, म्हणून दादानं ते ठेवलं आणि ते चिकटलं. राग तिला शोभायचाही. नाकाचा शेंडा लाल व्हायचा, आणि उजव्या हाताची नखं (तारा छेडण्यासाठी वाढवलेली, रोज बारीक कानशीनं घासून गोल केलेली) टेबलावर टकटक वाजू लागायची. त्या नखांपायी ती घरात भांड्यांना हात लावत नसे. “आमच्याकडे नखं राज्य करतात आणि आम्ही भांडी घासतो,” असं वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

तर, त्या संध्याकाळी फणी जिन्याखाली आली, आणि एक अनोळखी माणूस तिच्या खुर्चीत बसून तिच्याच गिटारच्या खुंट्या पिळत होता.

“खाली ठेवा ती!”

तो दचकून उठला. “तार उतरली होती, म्हणून जरा—”

“उतरली नव्हती, उतरवली होती! त्या सुरात वाजवायचं होतं मला. दुसऱ्याच्या वाद्याला विचारल्याशिवाय हात लावतात का? मी येऊन तुमच्या... तुम्ही काय करता?”

“दात काढतो.”

“मी येऊन तुमच्या पेशंटचे दात काढते का?”

“नाही,” तो गंभीरपणे म्हणाला. “पण काही पेशंटच्या बाबतीत मी तुम्हाला बोलवायला तयार आहे.”

फणीला हसू आलं होतं का? आलं असेल. तिनं ते दाताखाली धरलं. त्याच्या हातांना लवंगेच्या तेलाचा वास येत होता, आणि त्या हातांची नखं बोटांच्या टोकापर्यंत साफ कापलेली होती. गिटारवाल्याचे हात आणि एकही नख नाही!

“तुम्ही वाजवता कशानं?”

“बोटांनी.”

“बोटांच्या मांसानं? मऊ मऊ?”

“हातमोजे घालावे लागतात. वाढवली तर मोजे फाटतात. आणि त्या काळात निम्मे वादक असेच वाजवायचे म्हणे.”

“बाकीच्या निम्म्यांना काय वाटायचं, ते सांगतात का तुमचे ‘म्हणे’वाले?”

अशी पहिली तालीम. तीत वाजवणं थोडं आणि भांडण फार झालं. दोघांसमोर आपापलं झेरॉक्स केलेलं पान होतं. संचालकबाईंच्या घाईत दोन्ही पानांचा वरचा भाग कापला गेला होता. फणीकडे वरची, गाणारी ओळ. डॉक्टरकडे खालची, आधाराची. पहिल्या चार सुरांतच जिन्याखाली असं काही वाजलं की वरून उतरणारी मुलगी पायरीवर थबकली.

“चुकताय तुम्ही,” फणी म्हणाली.

“पानावर आहे तेच वाजवतोय.”

“मग नीट वाचा! वेगळ्याच पट्टीत गेलात.” आणि तो काही बोलायच्या आत तिनं आपल्या आवडीचं भाषण सुरू केलं. हौशी लोकांना कष्ट कसे नकोत, त्यांना सगळं सोपं करून कसं हवं. भाषणाचा कळस ठरलेला असे, तो म्हणजे कॅपो. गिटारच्या मानेवर, पडद्यांशी म्हणजे तिथल्या धातूच्या आडव्या पट्ट्यांशी लावायचा तो चिमटा. लावला की सगळ्या तारा एकदम आखूड होतात आणि सूर वर चढतो. “शाळकरी पोरं मैदानावर गाणी बडवतात ना, त्यांची कुबडी आहे ती. ज्याला हात आहेत त्यानं कॅपोला शिवू नये. माझ्या वर्गात फक्त एका पोरीला परवानगी आहे, कारण तिची बोटं अजून एवढीशी आहेत.”

“समजलं,” डॉक्टर म्हणाला. “कॅपोचं नाव काढायचं नाही.”

दुसऱ्या तालमीला तो पानच आणायला विसरला. “क्लिनिकमध्ये राहिलं. पण पाठ झालंय माझं.”

आणि पाठ होतं. एकट्यानं वाजवलं की ती ओळ अशी निवांत चालायची... मऊ, नखाचा खरखराट नसलेली, कुणी शेजारच्या खोलीत स्वतःशी बोलत असावं तशी. फणीला ते कबूल करणं जड गेलं, म्हणून तिनं ते कबूल केलंच नाही. तिची ओळही एकटी सुंदर होती. पण दोन्ही एकत्र आल्या की सवती होत.

तिसऱ्या तालमीलाही पान विसरलं. चौथ्यालाही.

“दाढांची नावं लक्षात राहतात तुमच्या, पान राहत नाही?”

“दात एकूण बत्तीसच असतात हो. आणि जागच्या हलत नाहीत.”

असं चालायचं. तालमीपेक्षा बोलणंच वाढत गेलं. एकदा बाहेर बारीक पाऊस होता, जिन्याच्या खिडकीतून ओल्या सिमेंटचा वास येत होता, आणि फणी त्या सगळ्या काळावरच घसरली. “काय हे उसासे! एक वाक्य बोलायला किती वळसे. मध्येच थांबायचं, मागे वळायचं, पुन्हा तेच. मनात आहे ते सरळ बोलावं माणसानं, संपलं!”

“तेच तर आहे ना,” डॉक्टर तारेवर बोट ठेवून म्हणाला. “बोललं... की संपतं.”

“आणि हे तालात मागे रेंगाळणं?”

“तो उसना घेतलेला वेळ. एका सुरावर थोडं जास्त थांबायचं, आणि पुढे घाई करून परत करायचा.”

“तुम्ही घेता. परत करताना मी तुम्हाला बघितलं नाही.”

तो नुसता हसला. आणि त्या सुरावर आणखी थोडा थांबला. फणीनं खाली बघून आधीच घासलेलं नख उगाच पुन्हा घासलं.

घरी मात्र हसू टिकत नसे. तिनं हरतऱ्हेनं प्रयत्न केले. आपलीच ओळ उचलून त्याच्या पट्टीत बसवून पाहिली, तर बोटंच पुरेनात. मोकळ्या तारांवर सहज वाजणारे सूर वर सरकवले की हात असा ताणावा लागे की मनगट दुखायचं. माणसाच्या हातासाठी हे लिहिलंच कसं? मग एका रात्री जेवताना तिचा घास तोंडाशी थांबला. लिहिणाऱ्याचं चुकलं नसेल तर... आपलेच हात कमी पडत असतील?

तिनं संचालकबाईंना गाठलं. “ही पानं एकाच रचनेची आहेत ना?”

“एकाच पुस्तकातून मी स्वतः काढलीत. शीर्षक तेवढं गेलं.” बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “डॉक्टरांचं मी परवा जिन्यात ऐकलं. चोख वाजवतात. आता तूच बघ बाई, तुझ्याकडून काय राहतंय ते.”

पोरांना शिकवणाऱ्या बाईला, तिच्याच शाळेत, हौशी दातवाल्याच्या तुलनेत हे ऐकावं लागलं. तळपायाची आग मस्तकात गेली. पण या वेळी भडका उडाला नाही, आतच धुमसत राहिला. कारण बाईंचं म्हणणं खरं असावं, असं तिला वाटायला लागलं होतं. आठवडाभर तिनं ती ओळ आणखी घोटली. मग कार्यक्रम तोंडावर आल्यावर ती बाईंच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “माझ्याच्यानं होत नाही. हात कमी पडतात माझे. कार्यक्रमातून गिटारचं नाव काढून टाका.”

बाईंनी नाव काढलं. दुपारी तिच्या डोळ्यांदेखत ड्रमचे सर, चार माणसं आणि एक भलामोठा ढोल वर गेले.

संध्याकाळी ती जिन्याखाली आली ती फक्त सांगायला. गिटारही आणली नव्हती.

“मी नाव काढून घेतलं. खोली गेली. तुमची सुटका झाली.”

डॉक्टरच्या हातातला रुमाल हातातच राहिला. “का?”

“का म्हणजे? कानानं बहिरे आहात का? रोज ऐकताय ना काय होतंय ते?”

“तुमच्यामुळे नाही हो ते—”

“मग कुणामुळे? तुमचं तर चोख आहे. प्रमाणपत्र मिळालंय तुम्हाला.”

त्यानं रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग अगदी हळू म्हणाला, “एकदा वाजवूया? शेवटचं. मग... मला काही सांगायचंय.”

भिंतीला त्या छोट्या बोटांच्या मुलीची गिटार टांगलेली होती. फणीनं ती ओढून काढली. मानेवर तिसऱ्या पडद्याशी कॅपो तसाच चिकटलेला. रोजची फणी असती तर तिनं पहिला तो उपटून फेकला असता.

“ते... काढत नाही?” डॉक्टरनं विचारलं. आवाज जरा चिरकला.

“नाही. आज कुबडी घेऊनच वाजवते. नाहीतरी सगळ्यांच्या मते हात नाहीतच मला.”

आणि रागारागात तिनं पहिला सूर छेडला.

तो सूर गेला आणि त्याच्या सुराशेजारी जाऊन बसला. अगदी हक्काच्या जागी बसावा तसा. दुसरा गेला, तोही बसला. तिची ओळ वर उंच, काचेसारखी निघाली, खाली त्याची मऊ ओळ तिला झेलत राहिली. ती थांबली तिथे तो थांबला, तो रेंगाळला तिथे ती वाट बघत राहिली... फणीच्या हातावर काटा आला. जिन्यावरून उतरणारी पावलं थांबली. इतके आठवडे दाराशी येऊन अडलेलं ते संगीत एकदाचं आत आलं होतं.

तिनं मान वर केली. सूर जुळले की माणूस खूश होतो. निदान चकित तरी होतो. डॉक्टर चकित झाला नव्हता. त्याचा चेहरा उतरला होता.

फणीचा हात तारांवरच थांबला.

“तुला माहीत होतं.”

‘तुम्ही’ कुठे गळून पडलं ते तिच्या लक्षातही आलं नाही.

“मी आज सांगणारच—”

“कधीपासून?”

“दुसऱ्या तालमीपासून.” त्यानं गिटार मांडीवरून खाली ठेवली. “माझ्या गुरुजींकडे भिंतीवर एक छोटी गिटार असायची. त्या काळात वरची ओळ वाजवायला तशी असायची, तीन पडदे वर लावलेली. पानाचा वरचा भाग गेला, त्यात ते लिहिलेलं असणार. नेहमीच्या गिटारला तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावला की झालं.”

“आणि ते पान? दर वेळी क्लिनिकमध्ये राहणारं?”

“बॅगेत होतं. दोन्ही पानं शेजारी ठेवली असतीत तर तुम्हाला क्षणात कळलं असतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“पहिल्या दिवशी तुम्ही कॅपोवर जे बोललात, त्यानंतर हिंमत नव्हती...” तो थांबला. “नाही. ते खरं नाही. बोललो असतो तर दोन तालमींत काम झालं असतं. आणि मग मी इथे कशाला आलो असतो?”

एखादी दुसरी मुलगी इथे विरघळली असती. फणी उभी राहिली. नाक लाल, डोळे भरलेले, आणि आवाज इतका खाली गेलेला की डॉक्टर खुर्चीत मागे सरकला.

“तुला तालमी हव्या होत्या. मला काय हवं होतं, विचारलंस? मी माझे हात खराब समजले. माझे कान! मी पोरांना शिकवताना घाबरायला लागले, की आपण चुकीचं तर शिकवत नाही ना. बाईंपुढे जाऊन ‘मला येत नाही’ म्हटलं. मी! आणि तू इथे बसून उसासे टाकत होतास. एवढं आवडत होतं तर सरळ सांगायचं होतं. ‘चहा घ्यायला येता का’ एवढं वाक्य असतं. त्याला तीन पडदे वर चढावं लागत नाही!”

ती निघून गेली. छोट्या मुलीची गिटार मात्र तितक्या रागातही तिनं जपून खुंटीवर लावली.

घरी तिनं वहिनीला सगळं सांगितलं, दोनदा. दुसऱ्यांदा जास्त मोठ्यानं.

“तुझा राग खोली गेल्याचा की तालमी संपल्याचा?” वहिनीनं भाजी चिरता चिरता विचारलं.

“दोन्हीचा. वेगवेगळा. आणि पहिला जास्त आहे.”

“बरं. मी नुसतं विचारलं.”

डॉक्टर दुसऱ्या दिवशी क्लिनिक बंद ठेवून संचालकबाईंकडे गेला आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी त्याला शाळकरी पोरासारखं झापलं. कार्यक्रमात गिटारचं नाव परत घातलं. खोलीचं मात्र जमेना. ड्रमचे सर म्हणाले, “वर चढवताना चौघांच्या कमरा गेल्या. खाली मी उतरवणार नाही, कुणी कुणाच्या प्रेमात का पडेना.” त्यांचंही बरोबरच होतं. त्यांनी कुणाचं काय बिघडवलं होतं?

फणी वाजवायला तयार झाली. खोलीसाठी नाही, दातवाल्यासाठी तर नाहीच नाही. तिच्या हातांना ती रचना येत होती, आणि ते गावभर कळायला हवं होतं. मधल्या एकमेव तालमीत ती त्याच्याशी फक्त आकड्यांत बोलली. “एक, दोन, तीन. पुन्हा.”

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. निम्मे प्रेक्षक डॉक्टरचे पेशंट. फणीनं सगळ्यांसमोर खिशातून कॅपो काढला आणि तिसऱ्या पडद्यावर लावला. पुढच्या रांगेतले तिचे विद्यार्थी एकमेकांना कोपरानं ढोसू लागले. भाषण त्यांना पाठ होतं. ती सूर छेडणार, एवढ्यात डॉक्टर उभा राहिला.

“खाली बस,” ती ओठ न हलवता म्हणाली.

“एक सांगायचं आहे,” तो प्रेक्षकांना म्हणाला. “ही रचना आज तुम्हाला ऐकायलाच मिळणार नव्हती, कारण ती बसवताना एक अडचण होती. तिचं उत्तर मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. मी सांगितलं नाही. यांच्या हातांत आणि कानांत काही कमी आहे असं सगळ्यांना वाटलं, यांनाही वाटलं. कमी माझ्यात होतं. मला... या तालमी संपायला नको होत्या.”

सभागृहात कुणीतरी ‘आईगं’ म्हणालं. डॉक्टर बसला. त्याचे कान लालभडक झाले होते.

मग ते वाजवू लागले. फणी पहिल्या ओळीत रागावलेली होती, दुसऱ्या ओळीतही. पुढे कुठेतरी तो दरवेळचा सूर आला, जिथे तो रेंगाळायचा. या वेळी तो रेंगाळला नाही. वेळ मागायचा हक्क गेल्यासारखा सरळ पुढे निघाला. आणि फणी थांबली. मुद्दाम. हातातला सूर तसाच हवेत धरून, त्याच्याकडे बघत. त्याला मागे वळून यावं लागलं.

टाळ्या वगैरे झाल्या. दोघं जिन्याखाली गिटारी पेट्यांत ठेवत होते.

“एवढ्या लोकांसमोर बोलायची काय गरज होती?”

“संचालकबाईंपुढे तुम्ही स्वतःला कमी म्हणवून घेतलंत. ते दुरुस्त करायला हवं होतं.”

“आणि ते शेवटचं वाक्य? तेही संचालकबाईंसाठी?”

“नाही. ते पहिल्या रांगेतल्या तुमच्या वहिनींसाठी. फार रोखून बघत होत्या.”

या वेळी हसू दाताखाली राहिलं नाही. फणीनं पाठ फिरवली, पण खांदे हलले. मग तिनं पिशवीतून एक जाड पुस्तक काढून त्याच्यापुढे आपटलं. “ही दोन गिटारींची आणखी एक. लांबलचक आहे. सगळी पानं आहेत, शीर्षकासकट. किती तालमी लागतील?”

त्यानं पानं चाळली. एकदा, दोनदा. प्रामाणिकपणे.

“दोन.”

“दोनच?” तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. “नीट बघ!”

“तुम्ही वाजवणार म्हटल्यावर... दोन. फार तर अडीच.”

“आता खोटं बोलायला काय झालं तुला? आठवडेच्या आठवडे तोंड शिवून बसलास, आणि आज खरेपणा सुचतोय?”

“आता सगळं खरंच बोलायचं ठरवलंय मी.”

“मोड की मग!” ती म्हणाली. आणि आपण काय बोललो ते कळून तिनं तोंडावर हात ठेवला. लांब नखांच्या बोटांआडून मग आवाज आला, “...मला दोन नाही पुरणार.”

त्यानं तिचा हात हळूच खाली घेतला. लवंगेचा वास आला.

“चहा घ्यायला येता का?” त्यानं विचारलं.

“येते,” फणी म्हणाली. “आणि ‘येता’ नाही. ‘येतेस’.”

हिशेब मांडायचा तर असा आहे. ड्रमच्या सरांना दोन खिडक्यांची खोली मिळाली, एक टिपरू न वाजवता. गिटारचा वर्ग जिन्याखालीच राहिला. म्हणजे खोलीची किंमत फणीनं भरली, आणि वर कॅपोचं भाषणही कायमचं सोडून दिलं. पण सगळ्यात जास्त भरलं ते डॉक्टरनं, आणि त्याचं अजून फिटलेलं नाही. आता क्लिनिकच्या खुर्चीत आ वासून बसलेला प्रत्येक पेशंट, पुढच्या आठवड्यात परत या म्हटलं की, हात वर करून त्याला थांबवतो. तोंडातला कापूस बाजूला करतो आणि विचारतो, “डॉक्टर, खरं सांगा हं... दाढेचंच काम आहे ना?”